शेवटचा हात अण्णांचा

वादकबाईंचा पियानो दुपारी जाणार होता, आणि तो दाराबाहेर पडला की किल्ली कोणाच्या हातात द्यायची ते अण्णा सांगणार होते. एवढं ठरल्यापासून घरातले सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलायला लागले, की सूनबाईला काळजीच वाटू लागली.

सकाळी थोरल्याने धाकट्याच्या कपात स्वतःच्या हाताने चहा ओतला.

"दादा, तुला उरला का?" धाकट्याने विचारलं.

गोदामाच्या वाटणीनंतर या दोघा भावांत वकिलाशिवाय झालेलं हे पहिलंच बोलणं.

"उरलाय. तू आधी घे."

"छे, छे. तू मोठा."

'मी मोठा आहे हे बरं आजच आठवलं,' असं थोरल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आजचा दिवस तसा नव्हता. त्याने ते चहाबरोबर गिळलं आणि वर थोडी साखर मागितली.

किल्ली कुलपाची नव्हती. पियानोच्या तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या पिळायची ती लाकडी मुठीची, पोलादी किल्ली. अण्णांच्या वडिलांच्या हातून अण्णांच्या हातात आलेली आणि तिथून सुटायचं नाव न घेणारी. घराखालच्या दुरुस्तीच्या कारखान्यात यायची ती सगळी वाद्यं जुनी, विजेवर बोलणारी, पण आत खऱ्या तारा असलेली. त्यांचं विजेचं पोट थोरला बघायचा. गिऱ्हाईक आणणं आणि उशीर झाला की त्याला गप्पांत घोळवणं हे धाकट्याकडे. लोकर, रबर, कातडं आत्यांकडे. फोन घेणं, बिलं फाडणं, चहा आणि 'बाकी सगळं' थोरल्याच्या बायकोकडे, म्हणजे सूनबाईकडे. वाद्य सुरात लावायचं मात्र अण्णांनीच. कोणी आधी लावून ठेवलं असलं तरी बाहेर पडण्यापूर्वी त्यावर शेवटचा हात अण्णांचा. घराण्याचे बाकीचे नियम सोयीप्रमाणे वाकले होते, काही तर मोडून पडले होते. हा टिकला, कारण तो मोडायचा तर अण्णांना सांगावं लागलं असतं की त्यांना वरचे सूर ऐकू येत नाहीत.

आणि ते कोण सांगणार?

खालचं आणि मधलं त्यांना ठणठणीत ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत त्यांच्याविषयी कुजबुजलेलं तर फारच छान ऐकू यायचं. पण उजव्या हाताच्या शेवटच्या पट्ट्या दाबल्या की हातोडीची नुसती टक कानावर पडायची, सूर नाही. अण्णांचं म्हणणं, हातोडीवरचं कातडं कडक झालंय. कुठल्याही वाद्याचं कातडं कडक झालेलं असायचं. आत्यांनी कालच बदललेलं असलं तरी.

किल्ली थोरल्याला मिळाली असती तर त्याने ती काचेच्या पेटीत ठेवून सगळा कारभार मीटरवर चालवला असता. धाकट्याला मिळाली असती तर त्याने तारांची सगळी वाद्यं भंगारात काढून त्या जागेत नवीकोरी कीबोर्डं भाड्याने दिली असती. त्याला तारा लावता येत होत्या, पण तारा लावून कोणाचंच भलं झालेलं नाही, असं त्याचं मत होतं. सूनबाईला किल्ली हवी होती वाद्यं लावण्यासाठी. हे कारण इतकं सरळ होतं, की या घरात ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने मागे एकदा विचारलं होतं, "अण्णा, मी लावून बघू का एखादं?"

"बघ की," अण्णा प्रेमाने म्हणाले होते. "आधी चहा टाक."

*

अण्णांनी सकाळी पियानो लावून संपवला, रुमालाने पट्ट्या पुसल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या आपल्या थोरल्या बहिणीकडे बघून ते म्हणाले, "अक्का, झालं बघ. आता याला कोणी बोट लावायचं नाही." आणि ते पाय मोकळे करायला बाहेर पडले.

फाटकाचा आवाज झाला न झाला तोच थोरला आत आला.

बाईंचा पियानो तसा चमत्कारिकच. पियानो गाडीत घालून गावोगाव न्यायचा तर त्याचं पोट कापून टाकावं, असं पूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं असावं. तारा खऱ्या, हातोड्या खऱ्या, फक्त आवाज घुमवायची लाकडी फळी नाही. तारेचा कंप खालचे पिकअप उचलतात आणि स्पीकरातून बाहेर टाकतात. पिकअप थोरल्याने स्वतः बदलले होते. त्याच्या मते वाद्य तिथेच पूर्ण झालं होतं. बाकी सगळं रंगकाम.

त्याने खिशातून मीटर काढलं, वरची एक पट्टी दाबली. काटा डावीकडे पडला.

"खाली," तो म्हणाला. "नेहमीसारखं खाली."

 कोपऱ्यात आत्यांच्या पुढ्यात दुसरं एक छोटं वाद्य उघडं पडलं होतं. त्यात पट्टीखाली रबराची टोपी असते आणि ती तारेवर दाबली की सूर निघतो. बऱ्याच वर्षांनी ते रबर वितळून काळा डिंक होतो. आत्या तो डिंक खरवडत होत्या.

"आत्या, अण्णांना बोलू नकोस हं."

"मी कोणाच्या पाठीमागे कधी बोलते का?"

हा आत्यांचा नेम होता आणि तो त्या फार काटेकोरपणे पाळायच्या. कोणाच्या पाठीमागे बोलायचं नाही. तोंडावर बोलायचं, असा नेम मात्र त्यांनी केलेला नव्हता. त्यामुळे घरातली प्रत्येक गोष्ट त्यांना माहीत असायची आणि ती तिथेच संपायची.

थोरल्याने वरच्या सगळ्या तारा काट्याबरहुकूम चढवल्या. आपण वडिलांची अब्रू राखतो आहोत, असं त्याला प्रत्येक खुंटीगणिक वाटत होतं. बायकोलाही हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिला काय कळणार सुरातलं!

तो गेल्यावर धाकटा आला. येताना शीळ घालत आला, कारण तो नेहमीच आपण सहज आल्यासारखा यायचा.

"काय आत्या, काय चाललंय?"

"दिसतंय ना. डिंक."

"वादकबाई आल्या की हा पियानो असा चमकला पाहिजे आज!" त्याने वरच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "मेला आहे. अण्णा सगळं जमिनीलगत ठेवतात. वरचा सूर जरा चढा नको का? स्टेजवर हे कोणाला ऐकू जाणार?"

काट्याप्रमाणे लावलेलं वाद्य त्याच्या कानाला कायम रडकं वाटायचं. वरच्या तारा केसभर चढ्या असल्या की आवाज चमकतो, हे तो बँडवाल्यांकडून शिकला होता, आणि बँडवाल्यांना तो देव मानायचा. त्याने खिशातून छोटी घडीची किल्ली काढली आणि तारा केसभर चढवल्या. काही ठिकाणी दोन केस.

"आत्या, तू काही बघितलं नाहीस."

"माझं लक्ष कुठे आहे?" आत्या म्हणाल्या. डिंक खरवडून झाला होता आणि आता त्या तारांच्या शेपटीकडून लोकर विणत होत्या, बोट उचलल्यावर तार लगेच गप्प व्हावी म्हणून. "हे वाद्य मला आवडतं बाई. बोट उचललं की गप्प. माणसांना अशी लोकर बांधता येत नाही."

धाकटा मोठ्याने हसला. ते वाक्य कोणाला उद्देशून होतं याचा विचार त्याने केला नाही. तो कधीच करायचा नाही, म्हणून तर गिऱ्हाइकांचा लाडका होता.

जेवणं झाली. अण्णा आडवे झाले आणि घोरू लागले. सूनबाई स्वयंपाकघर आवरून खाली आली, दार लोटून घेतलं आणि पदराआडून एक जुना पाना काढला. त्याचं टोक तिने घासून घासून चौकोनी केलं होतं, खुंटीवर बसेल असं. वरच्या तारा दोन-दोन असतात, एका सुराला दोन. एकीला गप्प करायला फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पाचर अडकवून ती दुसरी ऐकू लागली.

"चढवलंय," ती स्वतःशीच पुटपुटली. "आजसुद्धा. अण्णा का चढवतात एवढं कोण जाणे!"

"काही म्हणालीस?" आत्यांनी विचारलं.

"नाही, आत्याबाई."

गेली दोन वर्षं ती हे करत आली होती. उतरवायचं, जुळवायचं, पाचर काढायची, घाम पुसायचा आणि वर जाऊन चहा टाकायचा. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "अण्णा, काय लावलंय!" मग अण्णा मान किंचित झुकवायचे आणि ती कप उचलायची. सुरुवातीला तिला यात सेवेचा आनंद मिळत असे. हल्ली कप उचलताना बशी जरा जास्त वाजायची.

भावांपैकी एक आणि सूनबाई एकदा समोरासमोर बसून बोलले असते, तर एक म्हणाला असता, अण्णा खाली ठेवतात, आणि दुसरी म्हणाली असती, छे, चढवतात. आणि गोष्ट तिथेच उलगडली असती. पण समोरासमोर बोलायला या घरात आधी भांडण व्हावं लागायचं, आणि भांडण झालं की बोलणं बंद व्हायचं.

*

वादकबाई चार वाजता आल्या. वयाने अण्णांच्या बरोबरीच्या, बोटांत अजूनही बळ असलेल्या. आयुष्य हॉटेलांच्या दिवाणखान्यांत आणि रेकॉर्डिंगच्या खोल्यांत वाजवण्यात गेलेलं. उद्या त्यांचा कार्यक्रम होता. टेम्पो बाहेर उभा होता.

"या, या बाई!" धाकटा पुढे झाला. "तुमचा पियानो या वेळी अण्णांनी काय लावलाय, बघाच तुम्ही."

"पिकअप सगळे नवे घातलेत," थोरला म्हणाला. "म्हणजे मी घातलेत."

"हो का?" बाई म्हणाल्या. "आणि चहा कोण देतं? तीच ना? बस गं तू पण जरा."

सूनबाई बसली नाही. अण्णांचा हात किल्लीवर होता आणि ती त्या हाताकडे बघत होती.

बाईंनी बूट काढून बाजूला ठेवले, स्टूल पुढे ओढलं आणि वाजवायला लागल्या. खालचे सूर खोलीत भरले. मधले मऊ उतरले. अण्णांनी डोळे मिटले. बाईंचा उजवा हात चढत चढत शेवटच्या सप्तकात गेला, आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. तार तुटली होती, आणि तिचा तो शेवटचा झटका पिकअपने इमानदारीने उचलून स्पीकरातून दिला होता.

धाकटा दचकून कपाटावर आदळला. बाईंनी हात उचलले नाहीत. त्यांनी शेजारची पट्टी दाबून बघितली. दुसरी तार तुटली.

"तार!" अण्णा कडाडले. "पुन्हा तार! मी सांगत होतो, हा तारवाला चोर आहे."

"चोरच," थोरला म्हणाला.

"मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतोय," धाकटा म्हणाला.

तारवाल्याचं नाव निघालं की या दोन भावांत दृष्ट लागेल असं सख्य व्हायचं. दोन वर्षांपूर्वी वरच्या तारा तुटू लागल्यापासून त्यांनी एकामागून एक तारवाले बदलले होते. एकाला पत्र लिहून खडसावलंही होतं. तो बिचारा नमुन्याची तार घेऊन आला होता, आपल्या तारेने म्हणे माणूस टांगता येईल. अण्णांनी त्याला चहासुद्धा विचारला नव्हता.

सूनबाईने वाकून तुटकं टोक हातात घेतलं. गंज नव्हता. तार बरोबर खुंटीला वळसा घेते तिथे तुटली होती, आणि तिथे ती चपटी, थकलेली दिसत होती, एकच कागद पुन्हापुन्हा घडी घालून उलगडला की घडीवर दिसतो तशी. एकदा लावलेल्या तारेचं असं होत नाही. मी तर फक्त थोडं उतरवते, ती मनात म्हणाली. थोड्या उतरवण्याने असं कसं होईल?

"बाई, तुम्ही काळजी करू नका," अण्णा म्हणाले. "नव्या तारा चढवून आजच देतो. आणि आता सगळे आहातच, तर तेही सांगून टाकतो." त्यांनी किल्ली उचलून छातीशी धरली.  थोरल्याचा चेहरा एकदम आज्ञाधारक झाला, धाकट्याचा विचारी. "मी खूप विचार केला. किल्ली मी कोणालाच देत नाही."

"अण्णा, पण वय..." थोरला म्हणाला.

"वय? गेल्या दोन वर्षांत माझ्या सुराविषयी एक तक्रार आली? एक? कोणीही सांगा." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "ज्या कानाविरुद्ध तक्रार नाही, तो कान अजून दहा वर्षं चालेल. तोवर तुम्ही शिका. सूनबाई, बाईंना चहा."

सूनबाईला वाटलं, आता आत जाऊन चहा टाकला की संपलं. आणखी दहा वर्षं पदराआड पाना. दार लोटून घेणं. घोरणं ऐकत खुंट्या पिळणं. आणि वर्षाला एक तारवाला. तिने कधी सासऱ्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. तिचं म्हणणं ती भांड्यांकडून वदवायची. पण आत्ता तिच्या हातात भांडं नव्हतं.

"तक्रार येत नाही, कारण वरचं मी लावते," ती म्हणाली.

"काय लावतेस?"

"वरचं सप्तक. तुम्ही झोपलात की. तुम्हाला ते ऐकू येत नाही, अण्णा."

 थोरला जागचा हलला. बायकोने वडिलांचा अपमान केला म्हणून तो हलला असेल, असं बाईंना वाटलं. त्या या घरातल्या नव्हत्या.

"तू लावतेस?" तो म्हणाला. "वरचं तर मी लावतो! मीटर लावून! रोज सकाळी अण्णा फिरायला गेले की."

"अहो, तुम्ही?"

"एक मिनिट, एक मिनिट," धाकटा दोन्ही हात वर करून पुढे आला. "दादा, तू लावतोस तर ते इतकं रडकं कसं असतं? मी आहे म्हणून ते गिऱ्हाइकाला ऐकवण्यासारखं होतं. मी चढवतो ते."

"म्हणजे चढवणारे तुम्ही होय, भावजी!" सूनबाई म्हणाली. "मी इतके दिवस अण्णांना बोल लावत होते मनातल्या मनात. मी ते उतरवता उतरवता दमले."

"उतरवतेस? माझं लावलेलं उतरवतेस?" धाकट्याने विचारलं.

"मीटरवर लावलेलं चढवतोस तू? मीटरवर?"

काल कोणी विचारलं असतं तर तिघांनीही शपथेवर नाही म्हटलं असतं. आज श्रेय दुसऱ्याला जातंय म्हटल्यावर गुन्हा कबूल करायला झुंबड उडाली. अण्णांविषयी बोलणं चालू होतं हे बोलणारे तेवढ्यात विसरूनही गेले होते.

अण्णा स्टुलावर बसले. त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधून बघितला. सापडलं ते निराळंच. रोज संध्याकाळी "काय लावलंय!" ऐकून ते झुकवत आलेली ती मान. ती कोणाच्या कामाला झुकत होती? आणि कातडं. एवढं कातडं कडक झालं कसं, असं आपल्याला एकदाही वाटू नये! वाटलं होतं. वाटलं की ते बहिणीवर ओरडायचे आणि वाटणं थांबायचं.

"अक्का," ते म्हणाले.  "तू दिवसभर इथे बसतेस. तुला माहीत होतं?"

"होतं," आत्या म्हणाल्या. "सकाळी हा चढवतो. मग तो आणखी चढवतो. दुपारी ही उतरवते. दुसऱ्या दिवशी तू सगळं मोडून पुन्हा खाली आणतोस."

"दोन वर्षं?"

"वाद्य इथे मुक्कामाला असेपर्यंत रोज. म्हणून तर तारा तुटतात. तारवाल्याची तार उत्तम आहे, मी तेव्हाच बघितली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?" आत्यांनी लोकरीचं टोक दातांनी तोडलं. "आणि पाठीमागे बोलायचं नाही हा माझा नेम आहे."

"आत्या, तुझ्या नेमापायी आपण तारवाल्याला चोर म्हणालो," धाकटा म्हणाला.

"मी नाही म्हणाले."

हे खरं होतं. आत्या नेहमीच खऱ्या असायच्या, आणि त्याचा कोणाला काडीचा उपयोग नसायचा.

वादकबाईंनी घसा खाकरला. "आता सगळे बोलतायत, तर मीही सांगून टाकते. रागावू नका, अण्णा. तुमच्याकडून पियानो घरी गेला की मी दुसऱ्या एकाला बोलावते. तो पुन्हा लावून देतो."

"दर वेळी?"

"दर वेळी. म्हटलं, इतक्या वर्षांचा संबंध, कशाला दुखवा. तो विचारायचा, बाई, हे वाद्य एका माणसाने लावलेलं वाटत नाही, काय प्रकार आहे? मी म्हणायचे, मोठं कुटुंब आहे."

थोरला आणि धाकटा यांनी एकदमच त्या दुसऱ्या माणसाचं नाव विचारलं. त्या दोघांचं आता पुन्हा जमलं होतं. आज त्यांना नवा तारवाला मिळाला होता.

"गप्प बसा," अण्णा म्हणाले. फार हळू म्हणाले, म्हणून ते ऐकलं गेलं. मग सुनेकडे वळले. "कशाने लावतेस?"

तिने पाना पुढे केला. अण्णांनी तो उलटासुलटा करून बघितला, घासलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"भिकार आहे."

"हो."

"याने खुंट्या खराब होतात."

"हो, अण्णा."

"लाव. आत्ता. सगळ्यांदेखत." त्यांनी मुलांकडे बघितलं. "आणि तुम्ही दोघं हात खिशात घाला. खिसे रिकामे करून घाला."

मीटर टेबलावर आलं. घडीची किल्ली आली. आत्यांनी न सांगता तारेचं वेटोळं पुढे केलं.

सूनबाईने पानाच हातात घेतला, कारण दुसरं काही कोणी दिलं नव्हतं. नवी तार खुंटीतून ओवली, वळसे दिले, ताणली.  दार लोटलेलं नसताना ती हे पहिल्यांदाच करत होती. दुसरी ओवली. पाचर घातली, ऐकलं, पाचर हलवली. दोन तारांमधली ती डुचमळणारी लाट हळूहळू लांब होत गेली आणि मग नाहीशी झाली. नवी तार आहे, उद्या थोडी उतरेल, कार्यक्रमाआधी पुन्हा बघावी लागेल, हे तिने बाईंना सांगून ठेवलं. अण्णांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाईंच्या भुवया आधी वर होत्या, मग खाली आल्या, मग बाईंनी नुसतं "हं" म्हटलं.

"बरं," अण्णा म्हणाले. "सरक. मधलं जरा बघून घेतो. दोन तारा तुटल्या की बाकीच्यांवरही ओढ येते."

ती सरकली. अण्णांनी आपली किल्ली चढवली, मधला एक सूर वाजवला, खुंटीला मुंगीच्या पावलाएवढा पीळ दिला, पुन्हा वाजवला. किल्ली काढून घेतली. त्यांच्या मते झालं होतं.

सूनबाईने ऐकलं. तिला तो सूर उतरलेला वाटला.

थोरल्याने खिशातले हात बाहेर काढायचे म्हणून हलवले आणि बायकोकडे बघून मान नकारार्थी हलवली. आता नको. झालं तेवढं पुरे. धाकटाही जमिनीकडे बघत होता. आत्या लोकर विणत होत्या. या खोलीला गप्प बसण्याची अशी सराईत सवय होती, की त्यात कोणाला काही करावंच लागत नसे.

"अण्णा," ती म्हणाली. "हा उतरलाय."

"कोणता? हा?" त्यांनी पट्टी दाबली. "हा मला ऐकू येतो, पोरी. अजून येतो."

"ऐकू येत असेल. पण उतरलाय."

"नीट ऐक."

"ऐकलं."

"थोरल्या," अण्णा म्हणाले, "लाव तुझं ते यंत्र."

थोरल्याने मीटर उचललं. त्या एका क्षणात तो कोणाच्या बाजूने होता, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. अण्णांनी पट्टी दाबून धरली. काटा हलला, डुलला आणि बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिला. पुन्हा दाबली. पुन्हा मध्यावर.

सूनबाईचे कान लाल झाले. दोन वर्षं अण्णांची चूक शोधून शोधून तिच्या कानाला ती नसताना ऐकायची सवय लागली होती.

"चुकलीस," अण्णा म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "चुकले."

"साफ चुकलीस." त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला होता. "पण माझ्या तोंडावर चुकलीस. हे तिघं बरोबर होते तेव्हासुद्धा माझ्या पाठीमागे बरोबर होते."

"मी कोणाच्या पाठीमागे..." आत्यांनी सुरुवात केली.

"अक्का, विण."

त्यांनी किल्ली सुनेपुढे धरली. ती घ्यायला तिला थोडा वेळ लागला, कारण लाकडी मूठ सुटत नव्हती; अण्णांनी बोटं उघडायची ठरवली होती, पण बोटांना ते अजून कळलं नव्हतं. शेवटी सुटली. ती तिला वाटलं होतं त्याहून जड होती.

"हिने कर उद्यापासून. तो पाना फेक. मधलं आणि खालचं मी लावीन, तू तपासायचं. चुकलं की सांगायचं. मला. मी जागा असताना."

"अण्णा, पण दादाला न विचारता तिला..." धाकट्याने सुरुवात केली.

"न विचारता काय? मी तिचा नवराच आहे," थोरला एकदम म्हणाला. किल्ली शेवटी आपल्याच खोलीत येते आहे, हा हिशोब त्याच्या ध्यानात नुकताच आला होता.

"खोलीत नाही," सूनबाई म्हणाली. "इथे खिळ्याला राहील. आणि चहा ज्याला हवा त्याने टाकावा."

बाई बूट घालत होत्या. एक पाय घालून थांबल्या. "म्हणजे आता मी त्या दुसऱ्या माणसाला बोलवायचं नाही, असंच ना?"

दोन्ही भाऊ एका सुरात "मुळीच नाही" म्हणाले.  अण्णांनी सुनेकडे बघितलं.

"बोलवा," ती म्हणाली. "पण मी तिथे असताना बोलवा."